ऑफर लेटरमधला आकडा आणि हातात उरणारा पैसा

परदेशातल्या बँकेची किंवा फंड कंपनीची ऑफर आली की पहिलं काम ठरलेलं असतं. फोनवर चलनाचा दर बघायचा आणि गुणाकार करायचा. आकडा तिप्पट-चौपट निघतो आणि निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. गंमत म्हणजे हीच मंडळी दिवसभर इतरांच्या ताळेबंदात दडलेली देणी शोधत असतात. रोख शिल्लक किती, करानंतर काय उरतं, चलनाची जोखीम कोणाच्या डोक्यावर, हे प्रश्न दुसऱ्याच्या कंपनीबद्दल विचारल्याशिवाय ती सही करणार नाहीत. स्वतःच्या पगाराची वेळ आली की मात्र एका गुणाकारावर भागतं.

तो गुणाकार चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा कसा करायचा, ते इथे बघू.

मुळात तेच काम सीमा ओलांडल्यावर एवढं महाग का होतं? मायकेल क्लेमेन्स, क्लॉडिओ मॉन्टेनेग्रो आणि लँट प्रिचेट या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये एक तुलना मांडली. अमेरिकेत काम करणारे स्थलांतरित एकीकडे, आणि शिक्षण, वय वगैरे बाबतीत अगदी त्यांच्यासारखेच पण मायदेशी राहिलेले लोक दुसरीकडे. माणूस जवळजवळ तोच असला तरी पगारात मोठी तफावत निघाली. थोडक्यात, पगाराचा बराचसा भाग माणसाच्या डोक्याला मिळत नाही, तो जिथे बसून काम करतो त्या जागेला मिळतो.

वित्त क्षेत्रात हे फार स्पष्ट दिसतं. कंपनी विकत घेण्याच्या व्यवहारासाठी विश्लेषक एक्सेलमध्ये जे आर्थिक मॉडेल बांधतो, त्याला व्यवहार लहान असला तरी तेवढ्याच रात्री जागाव्या लागतात. पण सल्लागाराची फी व्यवहाराच्या रकमेच्या टक्क्यात ठरते. पन्नासपट मोठ्या व्यवहारावर टक्का कमी पडला तरी फी कितीतरी मोठी असते आणि त्यातूनच पगार निघतो. मोठे पेन्शन फंड, मोठे विमा निधी, रोज प्रचंड उलाढाल करणारे बाजार जिथे आहेत तिथे त्याच एक्सेल शीटला जास्त भाव येतो. लंडन, न्यूयॉर्क, हाँगकाँग, सिंगापूर, झुरिक यांचं भांडवल हेच.

आता खर्चाकडे येऊ, कारण सगळ्यात मोठी गफलत इथे होते. श्रीमंत देशात केस कापणं महाग का असतं? न्हाव्याची कात्री तर सगळीकडे सारखीच. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये याचं उत्तर दिलं. ज्या देशात कारखाने आणि कंपन्या दर माणशी जास्त माल काढतात तिथे मजुरीची पातळीच वर जाते. न्हाव्याला कमी दिले तर तो दुकान सोडून कारखान्यात जाईल, म्हणून त्यालाही जास्त द्यावे लागतात. परिणाम असा, की फोन, लॅपटॉप, विमानाचं तिकीट या वस्तूंचे भाव जगभर त्या मानाने जवळजवळ असतात. पण जिथे माणसाचा वेळ विकत घ्यावा लागतो, म्हणजे घरकाम, मूल सांभाळणं, दुरुस्ती, गाडी चालवणं, तिथे फरक कित्येक पटींचा असतो.

हा फरक पकडण्यासाठी क्रयशक्ती समानता नावाचं माप वापरतात. वस्तू आणि सेवांची एकच टोपली दोन देशांत केवढ्याला पडते, एवढाच त्याचा अर्थ. ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने १९८६ मध्ये सुरू केलेला बिग मॅक निर्देशांक, म्हणजे एकाच बर्गरच्या देशोदेशीच्या किमतींची तुलना, ही त्याचीच गमतीदार आवृत्ती. गंभीर मोजणी जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमात होते. पण ही टोपली सरासरी कुटुंबाची असते, आणि वित्त क्षेत्रातला मधल्या फळीतला माणूस मायदेशी सरासरी नसतो. त्याच्या आयुष्याचा आराम बऱ्याचदा इतरांच्या स्वस्त श्रमावर उभा असतो. घरी मदतीला दोन माणसं असलेल्या कुटुंबाला त्या सरासरीपेक्षा जास्त झळ बसते. एकट्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पंचविशीतल्या विश्लेषकाला तीच झळ फार कमी लागते. म्हणून एकाच शहराबद्दल दोन मित्र अगदी उलटी मतं देतात आणि दोघंही खरं बोलत असतात.

मग हिशेब करायचा कसा? पगाराचे दोन भाग पाडा. जो पैसा तिथेच खर्च होणार त्याला क्रयशक्तीचं माप लावा. जो मायदेशी परत येणार त्याला चलनाचा दर लावा. एकच माप सगळ्या पगाराला लावलं की उत्तर चुकतं.

सोपे आकडे घेऊ. मायदेशी करानंतर हातात १०० येतात, ६० खर्च होतात, ४० उरतात. परदेशात करानंतरचे पैसे मायदेशच्या चलनात बदलले तर ३०० होतात आणि तिथली महागाईची पातळी अडीचपट आहे. तेच राहणीमान तिथे १५० ला पडेल. उरले १५०.

हे १५० घेऊन काही वर्षांनी परत यायचं असेल तर बचत ४० वरून १५० झाली, म्हणजे पावणेचार पट. तिथेच घर घेऊन स्थायिक व्हायचं असेल तर त्या १५० ला अडीचने भागावं लागेल, कारण ते खर्चही तिथल्याच भावाने होणार. उरतात ६०, म्हणजे दीडपट. ऑफर तीच, शहर तेच, पण परत येणाऱ्याचा फायदा आणि राहणाऱ्याचा फायदा यांत एवढं अंतर. ‘बघू, आवडलं तर राहू’ हे वाक्य म्हणूनच महाग आहे. ते म्हणणारा माणूस हिशेब परतणाऱ्याचा करतो आणि आयुष्य राहणाऱ्याचं जगतो.

आता यात जोडीदार आणू. मायदेशी दोघं कमावतात: १०० आणि ६०, एकूण १६०. खर्च ८०, उरले ८०. परदेशात एकालाच कामाची परवानगी आहे. आवक ३००, खर्च ८० च्या अडीचपट म्हणजे २००, उरले १००. तिप्पट पगाराची ऑफर होती आणि घराची बचत ८० वरून फक्त १०० झाली. तिथेच राहायचं ठरलं तर हे १०० मायदेशच्या ४० एवढेच, म्हणजे बचत निम्म्यावर आली! शिवाय जोडीदाराच्या कामात पडलेली चार-पाच वर्षांचा खंड या आकड्यांत कुठेच धरलेला नाही.

त्यामुळे पगाराच्या आधी मी जोडीदाराच्या व्हिसाचा नियम वाचेन. देशोदेशी तो फार वेगळा आहे. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेल्या माणसाच्या जोडीदाराला साधारणपणे नोकरी करता येते. सिंगापूरमध्ये १ मे २०२१ पासून डिपेंडंट पासवर, म्हणजे कुटुंबीयांना मिळणाऱ्या परवान्यावर, असलेल्या जोडीदाराला नोकरीसाठी स्वतःचा वेगळा वर्क पास लागतो. अमेरिकेत तर एकाच कंपनीत काम करणाऱ्या दोघांच्या घरी वेगवेगळी परिस्थिती असू शकते. कंपनीने अंतर्गत बदलीवर एल-१ व्हिसाने पाठवलं असेल तर जोडीदार काम करू शकतो. एच-१बी असेल तर कायम वास्तव्याच्या अर्जाचा ठरावीक टप्पा ओलांडेपर्यंत सहसा नाही.

कराबद्दल लोकांना मोठा दर तेवढा माहीत असतो, पण चटका बसतो तो मधल्या खाचांमध्ये. ब्रिटनचंच बघा. तिथे पहिल्या १२,५७० पौंडांवर आयकर नाही. पण उत्पन्न १ लाख पौंडांच्या वर गेलं की दर २ पौंडांमागे १ पौंड ही सूट कमी होत जाते आणि १,२५,१४० ला ती संपते. मधल्या पट्ट्यात प्रत्येक जादा पौंडावर प्रत्यक्षात ६० टक्के आयकर बसतो, वर राष्ट्रीय विम्याचे २ टक्के. त्याहून वरच्या उत्पन्नावर दर उलट ४५ टक्के! शिवाय इंग्लंडमध्ये आई-वडिलांपैकी एकाचंही उत्पन्न १ लाखाच्या वर गेलं तर नोकरदार पालकांना पाळणाघरासाठी मिळणारी बरीचशी सरकारी मदत बंद होते. लंडनमधल्या वित्त क्षेत्रात थोडा अनुभव घेतलेला माणूस नेमका याच पट्ट्यात येऊन पडतो. रिक्रूटरने ‘आणखी पंधरा हजार वाढवून देतो’ म्हटलं तर त्यातले सहा हजारांहून कमी हातात येतील. अशा वेळी ती वाढ पेन्शनच्या खात्यात मागणारे शहाणे, कारण तिथे गेलेला पैसा या उत्पन्नात मोजला जात नाही.

न्यूयॉर्कमध्ये केंद्राचा कर, राज्याचा कर आणि वर शहराचाही आयकर. हाँगकाँगमध्ये वेतनावरचा सर्वांत वरचा टप्पा १७ टक्के, सिंगापूरमध्ये २४ टक्के. संयुक्त अरब अमिरातीत वैयक्तिक आयकर नाहीच.

पण शून्य कराच्या मागे एक रिकामी जागा असते आणि ती तुम्हालाच भरायची असते. अमिरातीत परदेशी नोकरदाराला सरकारी पेन्शन नाही. त्याऐवजी नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते: पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. ‘मूळ पगार’ हे शब्द नीट वाचा. एकूण पगाराचे मूळ वेतन, घरभत्ता, प्रवासभत्ता असे तुकडे केलेले असतात. मूळ वेतन निम्मंच असेल तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी म्हणजे पावणेदोन महिन्यांच्या एकूण पगाराएवढी रक्कम. दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्राच्या हद्दीत २०२० पासून याऐवजी दरमहा निधीत पैसे भरण्याची पद्धत आहे, म्हणून नोकरी नेमकी कुठल्या हद्दीतल्या कंपनीत आहे हेही विचारावं लागतं. सिंगापूरमध्येही परदेशी नोकरदार तिथल्या केंद्रीय भविष्यनिर्वाह निधीत नसतो, त्यामुळे मालकाचा हिस्साही मिळत नाही. हातात येणारा आकडा फुगलेला दिसतो, कारण निवृत्तीची जबाबदारी त्यातून वजाच झालेली नसते. तुलना करायच्या आधी ती स्वतः वजा करा.

काही खर्च तर पहिला पगार यायच्या आधीच होतात. ब्रिटनमध्ये व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. प्रौढ माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, आणि तोही व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा एकरकमी. पाच वर्षांच्या व्हिसावर नवरा-बायको गेले तर याचेच १०,३५० पौंड होतात. कंपनी भरणार का, फक्त तुमचा भरणार की कुटुंबाचाही, हे लेखी हवं.

मायदेशातल्या गुंतवणुकीचं काय, हा प्रश्न तर या क्षेत्रातले लोकही विसरतात. अमेरिकेत कर-रहिवासी, म्हणजे कराच्या दृष्टीने तिथले रहिवासी, झालात की जगभरातलं उत्पन्न तिथल्या विवरणपत्रात येतं. बाहेरच्या देशातले म्युच्युअल फंड तिथे एका खास प्रवर्गात मोडतात आणि त्यांच्यावर जाचक पद्धतीने कर लागतो. मोठ्या हौसेने सुरू ठेवलेली मासिक गुंतवणूक तिकडे डोकेदुखी होऊन बसते. तसंच ‘१८३ दिवसांपेक्षा कमी राहिलो म्हणजे तिथल्या करातून सुटलो’ हा समज. ब्रिटनच्या २०१३ पासूनच्या निवास-चाचणीत दिवसांबरोबर तिथलं घर, कुटुंब, काम असे धागेही मोजतात. जाण्याआधी दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या कर सल्लागाराला दिलेली फी हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त खर्च असतो.

बोनस हा वेगळाच प्राणी आहे. युरोपीय संघात २०१४ पासून बँकांमधल्या जोखीम घेणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या बोनसवर मर्यादा आहे: निश्चित पगाराइतका, आणि भागधारकांनी मंजुरी दिली तर दुप्पट. ब्रिटनने ही मर्यादा ३१ ऑक्टोबर २०२३ ला काढून टाकली. मर्यादा आली तेव्हा बँकांनी निश्चित पगार आणि भत्ते वाढवून वाट काढली. म्हणून फ्रँकफर्टचा मूळ पगार आणि न्यूयॉर्कचा मूळ पगार शेजारी ठेवणं फसवं आहे. एकीकडे बरंचसं मूळ पगारातच आलेलं असतं, दुसरीकडे मोठा वाटा वर्षअखेरच्या मर्जीवर असतो.

त्यातही वरच्या पदांवर बोनसचा मोठा भाग लगेच मिळत नाही. तो काही वर्षांत तुकड्यातुकड्याने आणि बऱ्याचदा कंपनीच्या शेअरमध्ये मिळतो. मार्च २०२३ मध्ये यूबीएस या स्विस बँकेने क्रेडिट सुइस ही दुसरी स्विस बँक घेतली तेव्हा एका शेअरची किंमत ०.७६ स्विस फ्रँक धरली गेली. वर्षानुवर्षं ‘मिळणार आहे’ म्हणून मनात धरलेले शेअर तेवढ्यावर आले. पगारही त्याच बँकेतून आणि साठलेली बचतही त्याच बँकेच्या शेअरमध्ये! ग्राहकाला कुठला सल्लागार असं करू देईल? आणि सध्याची नोकरी सोडताना मागे राहणारा बोनस नवा मालक भरून देणार का, रुजू होताना दिलेला बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत मागणार का, हेही याच कप्प्यात येतं.

चलनाचं थोडक्यात सांगतो. अमिरातीचा दिऱ्हाम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, हाँगकाँगचा डॉलर ७.७५ ते ७.८५ च्या पट्ट्यात. तिथला पगार म्हणजे जवळजवळ डॉलरचाच पगार. पौंडाचं तसं नाही. युरोपीय संघातून बाहेर पडण्याबद्दलच्या २३ जून २०१६ च्या सार्वमतानंतर एका दिवसात तो डॉलरच्या तुलनेत ८ टक्क्यांच्या आसपास घसरला. कर्जाचा हप्ता एका चलनात आणि पगार दुसऱ्या चलनात असेल तर तुम्ही नकळत चलनाचे सट्टेबाज झालेले असता. मायदेशचं चलन घसरत राहिलं तर हा सट्टा तुमच्या बाजूने लागतो, हेही खरं. बऱ्याच जणांच्या यशोगाथेत निम्मं श्रेय त्या घसरणीचंच असतं.

आता ती गोष्ट, जी ऑफर लेटरमध्ये नसते पण माझ्या मते सगळ्यात वजनदार आहे. नोकरी गेली तर काय?

वित्त क्षेत्रात कपात लाटेने येते. ज्या महिन्यात तुमची खुर्ची जाते त्याच महिन्यात समोरच्या बँकेतल्याही जातात. मायदेशी माणूस सहा महिने दम धरू शकतो, पण मालकाशी बांधलेल्या व्हिसावर तशी सोय नसते. अमेरिकेत एच-१बीवर नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. सिंगापूरमध्ये एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे परदेशी व्यावसायिकाचा कामाचा परवाना, रद्द झाल्यावर साधारण ३० दिवस. एवढ्यात नवी नोकरी मिळवायची, नाहीतर भाडेकरार मोडा, मुलांचे दाखले काढा, सामान बांधा. ही मुदत दर पगारवाढीच्या चर्चेत अदृश्यपणे टेबलावर असते. तुम्हाला ठाऊक असतं आणि वरिष्ठालाही ठाऊक असतं, की तुम्ही राजीनामा आपटून जाऊ शकत नाही. आत शिरताना बाजारभावाने मिळालेला पगार तीन वर्षांनी मागे पडतो, तो बऱ्याचदा यामुळे.

नियमही हलते असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. सिंगापूरने एम्प्लॉयमेंट पाससाठी किमान पगाराची अट वित्त क्षेत्राला इतरांपेक्षा जास्त ठेवली आहे: जानेवारी २०२५ पासून नव्या अर्जांना महिना ६,२०० सिंगापूर डॉलर, आणि उमेदवाराचं वय वाढलं की अटही वाढते.

कोणाचं काम सीमेपलीकडे चालतं, हा शेवटचा मोठा प्रश्न. गणित सगळीकडे तेच असतं, त्यामुळे जोखीम मोजणारे, डेरिव्हेटिव्हचे (वायदे, ऑप्शन अशा करारांचे) भाव बांधणारे, क्वांट मंडळी (गणिती मॉडेलवर काम करणारे) सहज हलू शकतात. आयएफआरएस ही लेखा मानकं १४० हून अधिक देश-प्रदेशांत चालतात, म्हणून लेखापरीक्षणातल्या माणसाचंही बरंचसं ज्ञान सोबत जातं. अमेरिकेत मात्र तिथली वेगळी मानकं शिकावी लागतात. कराचं काम करणाऱ्याचं भांडवल म्हणजे एका देशाचा कायदा. सीमा ओलांडली की ते बरंचसं गळून पडतं. त्याला अपवाद आंतरराष्ट्रीय कररचनेचं काम. सगळ्यात अवघड परिस्थिती श्रीमंत ग्राहक सांभाळणाऱ्यांची आणि कर्ज देणाऱ्यांची. त्यांचं मोल ओळखींत असतं आणि ओळखी बॅगेत भरता येत नाहीत. सीएफए चार्टर या गुंतवणूक विश्लेषणाच्या पात्रतेला जगभर मान आहे, पण तो परवाना नव्हे. अमेरिकेत रोखे विकायचे तर सीरिज ७ परीक्षा द्यावी लागते आणि तिला बसण्यासाठी आधी फिन्रा या तिथल्या नियामक संस्थेच्या सदस्य कंपनीने तुम्हाला नोकरीत घेतलेलं असावं लागतं.

माझं मत स्पष्ट आहे. कामाची पहिली आठ-दहा वर्षं, अंगावर कुटुंबाची जबाबदारी कमी, कौशल्य हलवता येण्यासारखं आणि तिथे मिळणारी खुर्ची मायदेशी नसलेल्या कामाची, असं असेल तर पगार जेमतेम जुळला तरी जावं. कारण मोठ्या बाजारातली ती चार वर्षं पुढच्या प्रत्येक पगारात दिसतात. चाळिशीत, दोघं कमावते असताना, बॅक ऑफिसमधल्या (नोंदी आणि पूर्ततेच्या) तशाच कामासाठी केवळ गुणाकार बघून जाणं मला पटत नाही. अशा वेळी आधी सध्याच्याच कंपनीत बदली मागून बघावी. कंपनी पाठवते तेव्हा घर, शाळा, कराचा फरक आणि परतीचं तिकीट यांची बोलणी तरी होऊ शकतात. स्वतः अर्ज करून गेलेल्याला स्थानिक करार मिळतो आणि त्यात यातलं बहुतेक काही नसतं.

वाटाघाटीत मागायच्या गोष्टी वर येऊन गेल्या: कुटुंबाच्या व्हिसाचे पैसे, मूळ वेतनाचा वाटा, पेन्शन, मागे राहणारा बोनस, नोकरी गेल्यास परतीचा खर्च. एचआरकडून प्रत्येकाचं उत्तर ईमेलवर घ्या. ज्यावर ‘रुजू झाल्यावर बघू’ असं उत्तर येईल तिथे शून्य लिहून पुन्हा बेरीज करा.